घोड्यावरून जबर पडलात? परत बसताना या चुका टाळा

"बस की परत, काय होत नाही!" पडलेल्या माणसाला आपल्याकडं पहिला सल्ला मिळतो तो हा, आणि जबर अपघातानंतर सगळ्यात जास्त घात तोच करतो. नुसतं खरचटलं असेल तर गोष्ट वेगळी. पण डोक्याला मार लागला, शुद्ध हरपली, उलटी झाली किंवा चक्कर येत असेल, तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत रिकिबीत (खोगिराला लटकणाऱ्या पायाच्या कडीत) पाय घालायचा नाही. आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदला. आतला थर एकदा दबला की दुसरा मार तो झेलत नाही.

भीती लपवणं ही त्याहून मोठी चूक. चिकोडी तालुक्यातल्या अंकलीहून माउलींचे अश्व दरवर्षी आळंदीला निघतात, गावोगावच्या जत्रांत घोडागाड्या पळतात. अशा मुलखात मुरलेल्या स्वाराला "मला भ्या वाटतंय" म्हणणं जड जातं. मग तो दातओठ खाऊन बसतो. गुडघे आवळतो, श्वास कोंडतो, लगाम छातीकडं ओढतो. पायाचा दाब म्हणजे 'चल' हे घोड्याला शिकवलेलं, आणि तोंडातला लगाम सांगतोय 'थांब'. जनावर गोंधळतं, मान झटकतं, आडवं सरकतं. स्वाराला वाटतं घोडाच बिघडला, आणि तो अजून आवळतो. हे चक्र श्वासापाशी तोडता येतं. बसल्याबसल्या अभंग गुणगुणा. गाताना श्वास कोंडता येत नाही, आणि श्वास सुटला की मांड्याही सैल पडतात.

घोडा का उधळला, हे न शोधताच परत बसू नका. खोगीर पाठीला लागतंय का, तंगाखाली (खोगीर आवळणाऱ्या पोटाच्या पट्ट्याखाली) जखम आहे का, हाताने दाबून बघा. दाबल्यावर पाठ खाली घेतली किंवा कान मागं टाकले, तर आधी जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा. चार पावलं चालवून तंग पुन्हा आवळा, कारण खोगीर बसलं की तो सैल होतो. चपला घालून घोड्यावर बसणं बंद. टाच असलेला बूट घाला, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जाऊन अडकत नाही.

ऊस हंगामात निपाणी-संकेश्वर भागात सराव रस्त्यावर करू नका. डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून मागून आला, तर शहाणा घोडाही दचकतो. सुगी झालेलं, कुंपणाचं मोकळं रान बघा.

सुरुवात जमिनीवरूनच करा. खरारा करा (ब्रशनं अंग घासा), मोहरकी (तोंडावर बांधलेली दोरी) धरून चालवा, थांबवा, दोन पावलं मागं सरकवा. तुमच्या हाताला घोडा ऐकतो हे आधी तुम्हाला पटायला हवं. मग वयस्कर, शांत घोडा घ्या, दोर जाणत्या माणसाच्या हातात द्या आणि नुसतं बसा. छाती धडधडायला लागायच्या आत उतरा. इथंच बहुतेकजण चुकतात: आज जमलं म्हणून लगेच दुडकी (हलक्या धावेची चाल) मागतात, घाबरतात आणि मागच्या सगळ्या दिवसांवर पाणी पडतं. साध्या चालीचा कंटाळा यायला लागला, की दुडकीची वेळ झाली असं समजा.

महिना उलटला तरी झोपेत तोच अपघात दिसत असेल, घोड्याच्या टापा ऐकून घाम फुटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.