बास गिटारसाठी कॅबिनेट घेताना या चुका टाळा

दुकानात बास कॅबिनेट, म्हणजे बासच्या स्पीकरचं खोकं, ऐकायची एक ठरलेली रीत आहे. समोर दोन फुटांवर स्टूल घ्यायचं, मोकळी ई तार छेडायची आणि पोटात घुमल्यासारखं वाटलं की पैसे मोजायचे. पुढे तेच खोकं जॅमरूममध्ये ड्रमसेटच्या बाजूला येतं, आणि बास आहे की नाही तेच कुणाला कळत नाही. गडगडाट ऐकू येतो, पण कुठला सूर वाजतोय ते सांगता येत नाही. मग तारा बदलल्या जातात, नवं पेडल येतं, अँपवर संशय जातो. माझ्या मते यातल्या बऱ्याचशा तक्रारींचं मूळ निवडीच्या पद्धतीत असतं. कॅबिनेट एकट्याने, जवळून आणि हळू आवाजात ऐकलेलं असतं. ते वाजवायचं मात्र असतं चार जणांत, लांबच्या कानांसाठी आणि मोठ्याने.

खर्जावर भाळणं

मोकळ्या ई तारेची मूळ कंपनसंख्या ४१ हर्ट्झ, पाच तारांच्या बासच्या बी तारेची ३१ हर्ट्झ. हे आकडे वाचून अनेकांना वाटतं की चांगलं कॅबिनेट तिथपर्यंत दणकून उतरलंच पाहिजे. प्रत्यक्षात बासच्या पिकअपमधून (तारांची कंपनं टिपणाऱ्या चुंबकांमधून) येणाऱ्या आवाजात सगळ्यात खालच्या सुरांना मूळ कंपनापेक्षा त्याच्या दुपटीचा अंश, म्हणजे ई तारेसाठी ८२ हर्ट्झच्या आसपासचा, बहुधा जास्त जोरकस असतो. मूळ कंपन अशक्त असलं तरी वरच्या अंशांवरून आपला कान सूर बरोबर ओळखतो.

याचा सगळ्यात मोठा दाखला म्हणजे अँपेग या कंपनीचं, दहा इंची आठ स्पीकरचं कॅबिनेट. १९६९ मध्ये एसव्हीटी या ३०० वॅटच्या ट्यूब अँपसोबत आलेली ही रचना आजही रॉकच्या मोठ्या रंगमंचांवर दिसते. या घराण्यातल्या ८१०ई मॉडेलचे कंपनीचे स्वतःचे आकडे पाहा: ५८ हर्ट्झलाच आवाज ३ डेसिबलने उतरलेला असतो आणि ४० हर्ट्झला तब्बल १० डेसिबलने. तरीही त्याच्यासमोर उभं राहिल्यावर बास कमी पडला असं कुणी म्हणत नाही, कारण ८० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात ते भक्कम आहे. बँडमध्ये सूर ओळखू येतो तो याच पट्ट्यातून.

एकट्याने ऐकताना नेमका हाच पट्टा कोरडा, कधी कधी नाकातला वाटतो, आणि म्हणूनच तो नापसंत होतो. यावर उपाय म्हणजे ऐकताना सोबतीला ड्रम आणि गिटार असणं. बँडमधले दोघे आले तर उत्तमच. नाहीतर बास नसलेला ट्रॅक दुकानातल्याच दुसऱ्या स्पीकरवर मोठ्याने लावा आणि त्यावर वाजवा. आपण कुठल्या फ्रेटवर आहोत हे डोळे मिटून कळतंय का, एवढंच बघा.

हळू आवाजात निकाल देणं

आपला कान हळू आवाजात खालचे सूर कमी ऐकतो आणि आवाज वाढला की तेच सूर अंगावर येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये हे मोजून मांडलं. दुकानात शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून हळू वाजवलेलं, छान भरीव वाटणारं कॅबिनेट रंगमंचाच्या आवाजात चिखल करतं ते यामुळेच.

दुसरं कारण यांत्रिक आहे. स्पीकरचा कोन, म्हणजे हलून आवाज काढणारा शंकूसारखा पडदा, किती पुढे-मागे जाऊ शकतो याला मर्यादा असते, आणि ती मोठ्या आवाजातच उघडी पडते. भोक असलेल्या, म्हणजे पोर्टवाल्या खोक्याला एक ठरावीक कंपनसंख्या साधलेली असते. तिच्या वर पोर्ट स्पीकरला मदत करतो. तिच्या खाली गेलं की खोक्यातल्या हवेचा आधार सुटतो आणि कोन मोकाट हलायला लागतो. लहान पोर्टवाल्या कॅबिनेटवर जोरात बी तार मारली की आवाज फाटतो, तो असा. बंद खोक्याचा आवाज खाली हळूहळू उतरतो, दर सप्तकाला साधारण १२ डेसिबल. पोर्टवाल्याचा उतार त्याच्या दुप्पट तीव्र असतो. पाच तारांचा बास असेल तर बी तारेवरचे पहिले पाच फ्रेट मोठ्या आवाजात वाजवून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नका. आवडलेलं कॅबिनेट तिथेच कमी पडत असेल तर ३० ते ४० हर्ट्झच्या खालचं कापणारा हाय-पास फिल्टर पुष्कळ मदत करतो. ऐकणाऱ्याला फारसा फरक जाणवत नाही, स्पीकरचे हाल मात्र वाचतात.

दोन कॅबिनेट ताडून पाहताना दोन्हींचा आवाज सारखा करा. जे किंचित मोठं वाजतं तेच चांगलं वाटतं, इतका कान फसवा आहे. फोनवरचं आवाज मोजायचं ॲप यासाठी पुरेसं आहे. लूपर पेडल असेल तर एकच ओळ रेकॉर्ड करून दोन्हींवर फिरवा. अँपचे सगळे टोन नॉब मध्यावर ठेवा, ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर) आधी बंद करून ऐका आणि मग हळूहळू उघडा. आणि बास तुमचा स्वतःचा न्या. दुकानातल्या कोऱ्या तारांच्या बासवर सगळीच कॅबिनेट झळाळतात.

पायाशी ठेवून ऐकणं

'खर्जाची लाट आठ मीटर लांब असते, म्हणून कॅबिनेटच्या जवळ बास ऐकूच येत नाही,' असं खूप जण छातीठोकपणे सांगतात. ४१ हर्ट्झची लाट साधारण ८.३ मीटर भरते हे खरं, पण ती ऐकायला तेवढं लांब जावं लागत नाही. तसं असतं तर हेडफोनमध्ये बास ऐकूच आला नसता. खरी भानगड वरच्या सुरांची आहे. दहा किंवा पंधरा इंची स्पीकर वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ पुढे फेकतो. कॅबिनेट जमिनीवर आणि आपण त्याच्या पुढ्यात उभे, म्हणजे झोत गुडघ्यांवर. आपल्याला आवाज बोथट वाटतो, आपण ट्रेबल वाढवतो आणि समोर बसलेल्यांच्या कानात तारांची खरखर जाते.

म्हणून वाजवायला मित्राला बसवा आणि स्वतः चार-पाच मीटर मागे जाऊन ऐका, मधोमध आणि कडेलाही. दोन दहा-इंची स्पीकरवालं कॅबिनेट आडवं आणि उभं, दोन्ही प्रकारे ठेवून पाहा. आडवं असताना दोन्ही स्पीकरचा आवाज कडेला एकमेकांना छेद देतो आणि बाजूला उभ्या गिटारवाल्यापर्यंत मधले सूर नीट पोचत नाहीत. उभं केलं की ही अडचण बरीच कमी होते, शिवाय वरचा स्पीकर कानाच्या जवळ येतो.

खोलीचा दोष कॅबिनेटच्या माथी

आपल्याकडच्या जॅमरूम म्हणजे बहुधा दहा बाय बारा फुटांची, सिमेंटच्या भिंतींची खोली. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ठरावीक कंपनं अडकून फुगतात. बारा फुटांच्या लांबीत हा फुगवटा ४७ हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे ई तारेच्या दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटवर. दहा फुटांच्या रुंदीत तो ५६ हर्ट्झला येतो, म्हणजे जवळपास मोकळ्या ए तारेवर. अशा खोलीत ए वाजवला की कपाटाची काच थरथरते आणि शेजारचा सूर मात्र गायब. यात कॅबिनेटचा काहीच दोष नसतो.

तपासायला सोपं आहे. ई तारेपासून बाराव्या फ्रेटपर्यंत एकेक सूर सारख्या जोराने वाजवा आणि कुठला फुगतो, कुठला बुडतो ते लिहून ठेवा. मग कॅबिनेट तीन-चार फूट सरकवा, स्वतःही दुसऱ्या कोपऱ्यात उभे राहा आणि पुन्हा वाजवा. यादी बदलली तर दोष खोलीचा. कुठेही ठेवलं तरी तोच सूर फुगत असेल तर तो कॅबिनेटचा स्वभाव आहे, आणि तो घरी आल्यावर बदलणार नाही.

मागच्या भिंतीचंही असंच. कॅबिनेटचा पुढचा चेहरा भिंतीपासून एक मीटरवर असेल तर भिंतीवर आपटून परतणारा आवाज ८५ हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला खोडून काढतो. नेमका जिथे बासचा जीव असतो, तिथे खड्डा पडतो. खोकं भिंतीला सरकवून लावलं की तो खड्डा वर जातो, आणि तिथे फारसा जाणवत नाही. 'या हॉलमध्ये बास लागतच नाही' म्हणणाऱ्यांनी आधी एवढं करून पाहावं.

इंच आणि वॅट वाचून निवडणं

पंधरा इंची खोल आणि दहा इंची चपळ, हे सूत्र आता सोडून द्या. फिल जोन्सची कंपनी पाच-पाच इंची स्पीकर लावून बास कॅबिनेट बनवते आणि ती उत्तम वाजतात. किती हवा हलते ते एकूण क्षेत्रफळावर आणि कोनाच्या हालचालीवर ठरतं. चार दहा-इंचींचं मिळून क्षेत्रफळ एका पंधरा-इंचीपेक्षा बरंच जास्त भरतं. लहान खोकं, खोल खर्ज आणि मोठा आवाज या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. दोन घ्या, तिसरी सोडा. छोट्या खोक्यातून खोल खर्ज हवा असेल तर अँप तगडा लागणार.

कॅबिनेटवर छापलेले वॅट ते किती सोसेल हे सांगतात, किती मोठं वाजेल हे नाही. त्यासाठी माहितीपत्रकातला सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे ठरावीक वॅटला किती आवाज निघतो त्याचा, आकडा पाहा. ९७ आणि १०० डेसिबल यांत फरक किरकोळ दिसतो, पण पहिल्याला दुसऱ्याइतकं वाजायला दुप्पट वॅट लागतात.

आणि तुमचं काम काय, तेही आधी ठरवा. ऑर्केस्ट्रात किंवा गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात बास डीआय बॉक्समधून (बासचा सिग्नल मिक्सरला जोडणाऱ्या डबीतून) थेट साउंडवाल्याकडे जातो. तिथे कॅबिनेट फक्त तुम्हाला आणि ड्रमरला ऐकू यायला हवं असतं. त्यासाठी साठ किलोंचं धूड तीन जिने चढवू नका. निओडायमियम मॅग्नेटचं, एका बारा-इंची स्पीकरचं खोकं एका हाताने उचलता येतं आणि रिक्षात मावतं.

ओहमकडे दुर्लक्ष

ओहम म्हणजे कॅबिनेट अँपच्या विजेला किती विरोध करतं त्याचं माप. इथली चूक खर्चात पाडते. ८ ओहमची दोन कॅबिनेट अँपला समांतर जोडली की ४ ओहम होतात. ८ आणि ४ जोडली तर २.६७. अँपच्या मागे किमान ४ ओहम लिहिलेलं असेल तर ही दुसरी जोडी लावायची नाही. अँप तापून बंद पडेल, किंवा कायमचा जाईल. वर त्या जोडीत ४ ओहमवालं दुप्पट वॅट ओढतं, त्यामुळे तोलही बिघडतो. ट्यूब अँपचं पथ्य आणखी कडक: कॅबिनेट न जोडता तो वाजवायचाच नाही, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

पहिलं कॅबिनेट शक्यतो ८ ओहमचं घ्या. अँपची अर्ध्याच्या आसपास ताकद वापरली जाते, पण कानाला फरक ३ डेसिबलच्या आतच पडतो. पुढे गरज वाढली की अगदी तसंच दुसरं आणून वर ठेवा. अँप पूर्ण ताकदीने वाजतो, क्षेत्रफळ दुप्पट होतं आणि आवाज पाच-सहा डेसिबलने वाढतो. वेगळ्या कंपनीचं, वेगळ्या इंचाचं खोकं जोडलं की दोन्ही एकमेकांचे काही सूर खातात, आणि कुठले ते विकत घेण्याआधी कुणीच सांगू शकत नाही.

दुसरं जोडल्यावर खर्ज वाढायच्या ऐवजी आटला, तर एकाचं प्लस-मायनस उलटं आहे. केबल अँपमधून काढा आणि तिच्या टोकाला नऊ व्होल्टची बॅटरी क्षणभर टेकवा. दोन्ही खोक्यांतले कोन एकाच दिशेने हलले पाहिजेत. केबल मात्र स्पीकरचीच वापरा, शक्यतो फिरवून अडकणाऱ्या स्पीकॉन प्लगची. कॅबिनेटला साधं जॅकचं भोक असेल तर गिटारची केबलही त्यात बसते, पण म्हणून ती लावू नये. तिची आतली तार बारीक असते, तापते आणि ऐन कार्यक्रमात दगा देते.

जुनं घेताना

जुनं कॅबिनेट घ्यायला हरकत नाही, पण खिशात मल्टिमीटर हवा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर साधा मीटर स्वस्तात मिळतो. ८ ओहमचं कॅबिनेट मीटरवर साडेपाच ते सातच्या मध्ये दिसतं, ४ ओहमचं तीन-साडेतीनच्या आसपास. चार स्पीकरवालं ८ ओहमचं कॅबिनेट बारा दाखवत असेल तर आतल्या दोन जोड्यांपैकी एक जोडी बंद पडली आहे. जाळीवर कान लावा, दोन स्पीकर मुके सापडतील.

फोनवरच्या टोन जनरेटरचा सूर अँपमध्ये सोडून ४० पासून २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढवा, आवाज मध्यम ठेवून. खडखड जिथे येईल तिथे थांबा आणि हँडल, जाळी, स्क्रू, जॅकची पट्टी एकेक दाबून पाहा. दाबल्यावर थांबली तर पाना आणि फोमची पट्टी पुरते. सगळं दाबूनही खरखर राहिली तर जाळी काढा, कोन दोन्ही बाजूंनी बोटांनी समतोल आत ढकला. घासल्यासारखं लागलं तर कोनामागची तारेची कॉइल गेलेली आहे, आणि रीकोनिंगचा (कोन आणि कॉइल नवी बसवण्याचा) खर्च किमतीतून वजा करायला सांगा.

मुंबई, कोकण किंवा गोव्यातलं खोकं असेल तर दमट हवेचाही विचार हवा. खोकं उलटं करून तळाच्या कडा नखाने दाबा. भुशाच्या फळीत पाणी शिरलं की ती फुगते आणि सांधे सुटतात. बंद खोक्यात अशा फटीतून हवा सूं-सूं करत निसटते. कोनाभोवतीची कडा फोमची असेल तर ती बोटाला चिकटते का किंवा भुगा होते का ते बघा. कापडी कडा जास्त टिकते, पण तिच्यावर बुरशीचे डाग असतील तर खोकं कित्येक पावसाळे बंद खोलीत पडून होतं असं समजा आणि आतल्या जोडण्या उघडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.