सीनियर फायनान्शियल ॲनालिस्ट व्हायचंय? आधी फरकाचं कारण शोधा

ठाणे-बेलापूर पट्ट्यात दर महिन्याचा एमआयएस (व्यवस्थापनाला जाणारा आकड्यांचा अहवाल) वेळेत पाठवणारे भरपूर आहेत. बढती मिळते ती ‘विक्री का घटली?’ या प्रश्नाला तिथल्या तिथे उत्तर देणाऱ्याला.

१. बजेट आणि प्रत्यक्ष आकडा यांतला फरक फोडून दाखवा. समजा, बजेट १०,००० नगांचं, दर ५०० रुपये, म्हणजे ५० लाख. प्रत्यक्षात ९,००० नग ५२० रुपयांनी गेले, म्हणजे ४६.८ लाख. ‘३.२ लाखांनी कमी’ हे कुणीही लिहील. नग कमी गेल्याने ५ लाखांचा फटका (१,००० × ५००), दर वाढल्याने १.८ लाखांची भरपाई (९,००० × २०) असं मांडलं की खरा प्रश्न समोर येतो: दर वाढवल्यानेच गिऱ्हाईक तुटलं का?

त्याचं उत्तर शीटमध्ये नसतं. रबाळे-महापेच्या कारखान्यात असाल तर उठून डिस्पॅचला जा. ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये असाल तर सेल्सला फोन लावा. कधी माल तयार असतो, पण ट्रक ३१ऐवजी १ तारखेला निघतो. असा फरक पुढच्या महिन्यात भरून येतो, तुटलेलं गिऱ्हाईक येत नाही. हे दोन एकाच ओळीत घातले की वर्षअखेरचा अंदाज हमखास चुकतो.

२. रोकड पाहा. वर्षाची विक्री ७३ कोटी म्हणजे दिवसाला २० लाख. वसुली १० दिवस लांबली की २ कोटी अडकले; ९ टक्क्यांनी वर्षाचं व्याज १८ लाख. ही भाषा सीएफओला (कंपनीच्या वित्तप्रमुखाला) लगेच कळते. पुढच्या १३ आठवड्यांत रोकड किती येईल-जाईल याचा (कॅश फ्लो) अंदाज बांधायचं काम मागून घ्या. किचकट असल्याने त्या कामाला फारसं कुणी हात लावत नाही.

३. एक्सेलमधलं मॉडेल (अंदाज मांडायची फाइल) स्वच्छ ठेवा. गृहीतकं वेगळ्या शीटवर, फॉर्म्युल्यात टाइप केलेला आकडा नको. व्हीलूकअप हा फॉर्म्युला टेबलमधून आकडा शोधून आणतो; त्या टेबलमध्ये मधेच कॉलम घुसवला तर चुकीचा कॉलम उचलला जातो आणि एररही दिसत नाही. एक्सलूकअप किंवा इंडेक्स-मॅच वापरा.

४. दर महिन्याचा अंदाज आणि प्रत्यक्ष आकडा शेजारी-शेजारी नोंदवत जा. चूक सतत एकाच बाजूला होत असेल तर गृहीतकात खोट आहे.

कोर्सचं म्हणाल, तर सीएफएचा (चार्टर्ड फायनान्शियल ॲनालिस्ट) भर गुंतवणुकीवर. कारखान्याच्या खर्चाला सीएमए (कॉस्ट अँड मॅनेजमेंट अकाउंटन्सी) जास्त जवळची.

५. बढतीसाठी मार्चमध्ये तोंड उघडू नका. तोवर पुढच्या वर्षीची पदं बजेटमध्ये बसलेली असतात. सहामाहीचे आकडे हातावेगळे झाले की ऑक्टोबरातच साहेबांना विचारा. परदेशी कंपनीचं वर्ष जानेवारी-डिसेंबर असेल तर जुलैतच. ‘बढती कधी?’ असं न विचारता, ‘सीनियरचं कोणतं काम आत्तापासून माझ्याकडे द्याल?’ असं विचारा आणि ठरलेलं त्याच दिवशी ईमेलवर लिहून पाठवा. अप्रेझलपर्यंत साहेब बदलले तर तो ईमेलच कामी येतो.