नवं झुडूप सापडलंय? आधी शेंगेची वाट बघा

माझ्या झुडपाचं नाव सांगणार नाही, आणि ते ज्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर सापडलं तो सडा कुठला तेही सांगणार नाही. वर्णनाआधीच नुसतं छापून आलेलं नाव वनस्पतिशास्त्रात वैध धरत नाहीत, त्याला ‘नोमेन नुडम’ म्हणतात, म्हणजे नागडं नाव. आणि सडा लपवायचं कारण, झुडपं मोजून एकतीस आहेत. एवढं सांगते की दक्षिण कोकणातला जांभ्याचा कातळ आहे, झुडूप कमरेएवढं आहे आणि इंडिगोफेरा, म्हणजे निळीच्या जातकुळीतलं आहे. मी तालुक्याच्या कॉलेजात बॉटनी शिकवते, चार वर्षं या झुडपामागे आहे. ‘मॅडम, नवीन काही सापडलं तर पुढे काय करायचं?’ असं दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून एकदाच लिहून टाकते.

पहिली गोष्ट, नवीन सापडलं असं म्हणू नका. ओळखू येत नाही, एवढंच म्हणा. इंडिगोफेराच्या जगात साडेसातशेच्या आसपास प्रजाती आहेत. आधी कुकचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा, म्हणजे तिथल्या वनस्पतींच्या वर्णनांचा ग्रंथ (१९०१ ते १९०८) काढा, मग हूकरच्या ब्रिटिश इंडियाच्या फ्लोराचा दुसरा खंड. कुठल्याच वर्णनात बसत नसेल तर जवळच्या प्रत्येक प्रजातीचं मूळ वर्णन गाठा. जुनी पुस्तकं आता स्कॅन करून मोफत ठेवलेली आहेत. कोकणात डालझेल, लॉ, स्टॉक्स अशा साहेबांनी एकोणिसाव्या शतकात गोळा केलेले पुष्कळ नमुने आज लंडनला क्यूच्या वनस्पतिउद्यानात आहेत, आणि त्यातल्या टाइप नमुन्यांचे, म्हणजे प्रजातीचं नाव ज्यांच्याशी कायमचं जोडलेलं असतं त्या नमुन्यांचे फोटो घरबसल्या दिसतात. माझं एक अख्खं वर्ष यात गेलं.

फोटोंवर मात्र भागत नाही. पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं, मुंबईला झेवियर्समधलं ब्लॅटर आणि कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचं हर्बेरियम, म्हणजे कागदावर चिकटवलेल्या वाळक्या नमुन्यांचा संग्रह आहे. तिथे जाऊन त्या जातकुळीच्या सगळ्या फाइली उघडा, आणि ‘इंडिगोफेरा स्पी.’, म्हणजे प्रजाती ओळखली नाही, असं लिहून कुणीतरी बाजूला ठेवलेली फाइल आधी उघडा. आपल्या आधी कुणी हे झाड तोडलं असेल तर ते तिथेच सापडतं. एका हर्बेरियमात मला अशी एक शीट मिळाली. फांदी माझ्याच झुडपाची वाटत होती, पण फूल नाही, शेंग नाही. नुसत्या पानांवरून काही सिद्ध होत नाही, आणि त्या शीटवर जीव जडूनही मला ती वापरता आली नाही.

आता फूल. सकाळी लवकर जा. इंडिगोफेराच्या खालच्या दोन पाकळ्या जुळून होडी होते, आणि त्या होडीत पुंकेसरांची नळी ताणून बसलेली असते. टाचणीने हलकेच स्पर्श केला की होडी आणि बाजूच्या पाकळ्या खटकन खाली पडतात, नळी उसळते आणि परागांची चिमूटभर धूळ उडते. मधमाशी येऊन गेली की फूल असं ‘सुटलेलं’ असतं आणि त्याच्या पाकळ्या पटापट गळतात. म्हणून दुपारी तोडलेल्या फांदीवर निम्मी फुलं बोडकी असतात. न सुटलेली दहा-बारा फुलं सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. होडीला दोन्ही बाजूंना छोटी टोकं असतात, ती नमुना वाळवताना दाबात चेपतात आणि मग मोजता येत नाहीत. रंगही जातो, तेव्हा रंग जागेवरच वहीत लिहून ठेवा. ‘गुलाबी’ लिहून चालत नाही. वरच्या पाकळीच्या तळाशी डाग आहे का, बाहेरून लव आहे का, तेही लिहा.

लव दहा पटीच्या भिंगाखाली बघा. या जातकुळीत केस मधोमध चिकटलेले असतात, दोन्हीकडे टोकं असलेले, टी अक्षरासारखे. दोन्ही भुजा सारख्या आहेत की एक आखूड आहे, अंगाला चिकटून आहेत की उभ्या, यावर प्रजाती वेगळ्या होतात. मी हे पहिल्या वर्षी टिपलंच नव्हतं.

त्याहून मोठी चूक शेंगेची. फुलं मिळाली, फोटो झकास आले, उत्साहाच्या भरात मी पेपर पाठवून दिला. दोन महिन्यांनी परीक्षकाचा अभिप्राय आला, त्याचा मुद्दा एकच, पक्व शेंग आणि बी कुठे आहे? तेव्हा राग आला. पण शेंगांच्या कुळात शेंगेशिवाय वर्णन म्हणजे वरातीत नवराच नाही. डिसेंबरात धावत सड्यावर गेले तर वणवा येऊन गेलेला. काळी ढेकळं आणि खुंट. बुडापासून फुटतील की नाही याची खात्री नव्हती. गुरं राखणारे एक आजोबा म्हणाले, “निळीची व्हय ती? येईल गं बाय पावसाला. गुरं तोंड नाय लावत तिला.” आली. दुसऱ्या वर्षी फुलं सरताना मी तीन झुडपांवर मलमलच्या पिशव्या बांधल्या, कारण या शेंगा वाळल्या की फुटून पिळवटतात आणि बी उडून जातं. शेंग सरळ की वाकडी, किती लांब, आत किती बिया, बियांमध्ये पडदे आहेत का, सगळं त्या तीन पिशव्यांमधून मिळालं.

नमुना घेताना झुडूप उपटू नका, फांदी कापा. विसात एकापेक्षा जास्त झाडांना हात लावायचा नाही, हा जुना संकेत पाळा. एकतीसमध्ये मी एकाच झुडपाच्या फांद्या घेतल्या. त्यांतली फुलं-शेंगा दोन्ही असलेली शीट होलोटाइप, म्हणजे नव्या नावाचा मुख्य टाइप नमुना, तिच्या त्याच दिवशीच्या जोडशीटा आयसोटाइप. होलोटाइप कुठल्या हर्बेरियमात ठेवला ते पेपरात लिहावंच लागतं, नाहीतर नाव वैध होत नाही. वनखात्याची जमीन असेल तर परवानगी आधी घ्या. जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे नवीन प्रजातीची माहिती आणि नमुना नेमून दिलेल्या संस्थेकडे द्यावा लागतो, तेही विसरू नका.

लिहिणं त्यामानाने सोपं. २०१२ पासून लॅटिन सक्तीचं नाही, वर्णन किंवा निदान लॅटिन वा इंग्रजीत चालतं. निदान म्हणजे जवळच्या प्रजातीपासून हे वेगळं कसं, ते चार ओळींत. तिथे ‘पाने मोठी’ लिहू नका, मिलिमीटर लिहा, आणि ताज्या फुलाचं माप की सुक्याचं तेही लिहा. एका फुलावरून नाही, कमीत कमी दहा फुलांवरून. डीएनए केलात तर उत्तम, पण त्यावाचून अडत नाही.

नावाचा विचार शेवटी करा. इंडिगोफेरा स्त्रीलिंगी आहे, तेव्हा विशेषणही स्त्रीलिंगी हवं. माणसाचं नाव द्यायचं तर वनस्पतिशास्त्रज्ञ आघारकरांच्या नावाची ‘स्मिथिया’ (Smithia agharkarii) बघा. आडनाव व्यंजनाने संपतं, म्हणून शेवटी दोन आय. ‘ईआर’ने संपत असतं तर एकच. बाई असेल तर शेवटच्या आयऐवजी ‘एई’. स्वतःचं नाव देऊ नका, लोक हसतात.

आणि ‘अतिसंकटग्रस्त’ हा शब्द जपून वापरा. एकदा एका सड्यावर जाऊन आलेले लोकही तो बिनधास्त लिहितात, याची मला चीड आहे. धोक्यातल्या प्रजातींची लाल यादी करणारी आययूसीएन ही आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिच्या ‘डी’ निकषाला पन्नासपेक्षा कमी प्रौढ झाडं लागतात. प्रौढ म्हणजे फुलं येण्याइतकी वाढलेली, माझ्या एकतीसमध्ये ती बावीसच होती. पण त्याआधी आजूबाजूचे चौदा सडे मी दोन हंगाम पायाखाली घातले. व्याप्तीचं क्षेत्र दोन गुणिले दोन किलोमीटरच्या चौकटींनी मोजतात. त्यामुळे अर्ध्या एकरातली झाडं कागदावर चार चौरस किलोमीटर होतात, ते पाहून गोंधळू नका. धोका काय तेही डोळ्यांनी पाहून लिहा. माझ्या सड्यावर तो वणव्याचा आहे, आणि पलीकडच्या अंगाने सरकत येणाऱ्या चिरेखाणीचा. पेपरातली ही श्रेणी तुमचं प्राथमिक मत असते, लाल यादीतली नोंद वेगळी होते.

नकाशात अचूक अक्षांश-रेखांश देऊ नका, तालुका पुरे. गावाच्या जैवविविधता समितीच्या लोकांना मात्र झुडूप दाखवून ठेवा.

पिशव्यांमधल्या बारा बियांचं कवच मी पॉलिश पेपरवर घासलं, एक रात्र पाण्यात ठेवल्या आणि कॉलेजच्या मागे जांभ्याच्या चुऱ्यात पेरल्या. सात उगवल्या. पहिल्या पानांवर टी आकाराचे केस आहेत, सारख्या भुजांचे. दुसऱ्यांदा पाठवलेला पेपर अजून परीक्षकाकडे आहे.