कागलचं नवोदय की फीची शाळा?

चौथीतच ठरवा. नवोदय म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा. तिथल्या सहावीच्या प्रवेशाची परीक्षा पाचवीत, तीही एकदाच देता येते.

आधी कोटा बघा. ८० जागांपैकी किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांना. त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत पूर्ण झालेली हवीत. कोल्हापूरलगतच्या पाचगाव, उचगावची मंडळी इथंच फसतात: घर ग्रामपंचायतीत, पण पोरगं व्हॅननं शहरातल्या शाळेत. मग ते शहरीच धरलं जातं.

पेपर दोन तासांचा, ८० प्रश्न, १०० गुण. त्यातले ५० गुण एकट्या बुद्धिमत्तेचे, त्यामुळं आकृत्यांचा सराव रोज हवा. चुकीला गुण कापत नाहीत, एकही प्रश्न कोरा सोडू नये.

राहणं, जेवण, पुस्तकं मोफत. नववीपासून काहींना विकास निधी भरावा लागतो. पण अकराव्या वर्षी घर सुटतं, आणि नववीत काही मुलं वर्षभर परराज्यातल्या नवोदयला जातात. रात्री आईशिवाय न झोपणाऱ्या पोराला रेटू नका.

फीच्या शाळेत नुसती वार्षिक फी विचारून उठू नका. बस, गणवेश, पुस्तकं, सहल धरून दहावीपर्यंतचा हिशेब मांडा. आरटीईतल्या (शिक्षण हक्क कायद्यातल्या) २५ टक्के राखीव जागांवरचा मोफत प्रवेश शाळेच्या सुरुवातीच्या वर्गातच मिळतो, पाचवी-सहावीत नाही.

नवोदयचा निकाल लागेपर्यंत आत्ताच्या शाळेचा दाखला काढू नका.