गायकाला नावं ठेवण्याआधी जागा बदलून बघा

कॉन्सर्ट सुटल्यावर बाहेर पडणाऱ्या गर्दीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'रेकॉर्डिंगमध्ये काय गातो आणि इथे काय हे!' मी साउंडच्या टेबलावर काम करतो, त्यामुळे माझ्या तोंडावर एकच प्रश्न येतो. तुम्ही उभे कुठे होतात?

आत शिरलात की स्टेजकडे धावण्याआधी मिक्सर, म्हणजे सगळे आवाज जुळवायचं टेबल, कुठे आहे ते शोधा. मैदानात तो बहुधा मधोमध, बराच मागे, कठडा घालून ठेवलेला असतो. तिथला माणूस स्वतःच्या कानाला जे येतं त्यावरून सगळ्यांचा आवाज ठरवतो. त्याच्या जवळपास, शक्यतो थोडं पुढे उभे राहा. अगदी पहिल्या रांगेत कलाकाराचा घाम दिसतो हे खरं, पण मुख्य स्पीकर बऱ्याचदा तुमच्या डोक्यावरून मागच्यांसाठी रोखलेले असतात. तुमच्या वाट्याला येतात ड्रम्स आणि गिटारचे स्टेजवरचे स्पीकर. शब्द कुठेतरी हरवतात, आणि खापर फुटतं गायकावर.

बेसचं प्रकरण वेगळंच आहे. मोठे सब, म्हणजे खालचे सूर वाजवणारे स्पीकर, स्टेजच्या दोन्ही बाजूंना असले की बरोबर मध्यरेषेवर दोन्हीकडच्या लाटा एकदम पोचतात आणि छातीवर आदळतात. बाजूला सरकलात की एका सबपासूनचं अंतर वाढतं, दुसऱ्याचं कमी होतं. ६० हर्ट्झच्या, म्हणजे बेसच्या खोल सुराची लाट साधारण पावणेसहा मीटर लांब असते. या दोन अंतरांत तिच्या निम्म्याइतका फरक पडला की त्या जागी तो सूर जवळपास मरतो. म्हणून बेस असह्य झाला किंवा गायबच झाला, तर वैतागू नका. दोन-तीन मीटर बाजूला सरका, पुन्हा ऐका. फरक पडला नाही तर आणखी सरका. बसायच्या जागा ठरलेल्या असतील तर अर्थात हा उपाय बाद; तिथे तिकीट काढतानाच नकाशा बघायचा आणि बाल्कनीच्या छताखालच्या शेवटच्या रांगा टाळायच्या.

आता लिप-सिंकचा, म्हणजे रेकॉर्डिंग लावून नुसते ओठ हलवल्याचा आरोप. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे स्टेजपासून शंभर मीटरवर तो जवळजवळ ०.३ सेकंद उशिरा येतो. पडद्यावरचे ओठ मात्र लगेच दिसतात. ते जुळत नाहीत म्हणजे लबाडीच आहे असं नाही. उलट लांबच्या प्रेक्षकाला थोडा फरक दिसणारच. खरी लबाडी कशी उघडी पडते ते १९८९ मध्ये मिली व्हॅनिली या पॉप जोडीच्या बाबतीत दिसलं. भर कार्यक्रमात रेकॉर्ड केलेला ट्रॅक अडकला आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजत राहिली.

पहिल्या दोन-तीन गाण्यांवर मत बनवू नका. साउंडचेक रिकाम्या हॉलमध्ये होतो. माणसं भरली की अंगं आणि कपडे वरचे सूर पितात, घुमणं बदलतं, आणि आमची नव्याने जुळवाजुळव सुरू होते. तोवर गायकाचे हात बघा. एका कानातलं इन-इयर (स्वतःचा आवाज ऐकायचा छोटा इअरफोन) काढलं, बोट वर-वर करतोय, स्टेजच्या कडेला सारखा बघतोय, तर त्याला स्वतःचाच आवाज नीट येत नाहीये. अशा वेळी चांगला गायकही सुरातून सुटतो. मॉनिटर, म्हणजे गायकाला स्वतःला ऐकू येणारा आवाज, सुधारला की पुढच्या गाण्यात तोच माणूस सुरात सापडतो. नाहीच सापडला, तर मात्र खुशाल बेसूर म्हणा.

चौथ्या-पाचव्या गाण्यालाही शब्द कळत नसतील तर मध्यंतरात मिक्सरवाल्याला सांगा. गाणं चालू असताना खांदा हलवू नका, कृपा होईल. 'आवाज वाढवा' याचा आम्हाला काडीचा उपयोग नाही. 'डाव्या कोपऱ्यात गाणं दबतंय' असं सांगितलंत तर उपयोग आहे, कारण तो कोपरा मला माझ्या जागेवरून ऐकूच येत नाही.

इअरप्लग न्या. आवाज फार मोठा झाला की कान स्वतःच घोटाळा करतो. फिल्टरवाले प्लग घातल्यावर कधी कधी शब्द जास्त स्पष्ट होतात. साध्या फोमने वरचे सूर जास्त कापले जातात, पण काहीच नसण्यापेक्षा तेही बरे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा ठिकाणांसाठी पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या आत ठेवायला सांगितलं आहे. सगळे पाळतात असं मी म्हणणार नाही.

तिकिटाआधी त्याच दौऱ्यातले प्रेक्षकांनी फोनवर घेतलेले व्हिडिओ बघा, कंपनीने सजवलेले नकोत. वय वाढलं की बरेच गायक पट्टी खाली आणतात. ते आधी माहीत असलं की धक्का बसत नाही. जागेचाही विचार करा. १९६५ मध्ये बीटल्स न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये ५५ हजारांहून जास्त लोकांसमोर वाजवत होते, आणि किंकाळ्यांपुढे त्यांचं त्यांनाच धड ऐकू येत नव्हतं.

खांब आडवा आला, जागा तिकिटाशी जुळत नाही, असं काही असेल तर बसल्या जागेवरून फोटो काढा आणि कार्यक्रम सुरू व्हायच्या आत तिथल्या कर्मचाऱ्याला गाठा. जागा बदलून मिळायची शक्यता तेव्हाच असते. दुसऱ्या दिवशी तक्रार लिहायची झाली तर फोटोबरोबर सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ आणि तिकिटावरचा रांगेचा नंबर द्या. 'मूड गेला' या मुद्द्यावर पैसे परत मिळालेले मी तरी पाहिले नाहीत.