ड्रेन बोल्टचे आटे गेले? गाडी लेथवाल्यापर्यंत नेण्यापुरती तजवीज

बाइकचं इंजिन ऑइल घरी बदलायला फार काही लागत नाही. पान्हा (बऱ्याच गाड्यांना १७ नंबरचा), जुनी परात, नरसाळं आणि लिटरभर ऑइल. घोटाळा होतो तो ड्रेन बोल्ट (जुनं ऑइल सोडायचा इंजिनच्या तळाचा बोल्ट) परत आवळताना, शेवटच्या पाव फेऱ्यात. बोल्ट बसलेला असतो, तरी ‘अजून जरासा’ म्हणून जोर दिला जातो आणि पान्हा एकदम हलका होतो. बोल्ट पोलादी, इंजिनचा केस (बाहेरचं कवच) ॲल्युमिनियमचा. आटे जातात ते बहुधा केसचे. सोडवतानाही हे होतं. बोल्ट खालच्या बाजूला आणि आपण वरून वाकलेले, त्यामुळे दिशा उलटी होते आणि सैल करायच्या नादात तो आवळला जातो.

अशा वेळी पान्हा आधी खाली ठेवा. पाइप लावून आणखी जोर काढू नका.

आधी नुकसान बघा. इंजिन थंड होऊ द्या, नवीन ऑइल भरलं असेल तर स्वच्छ भांड्यात काढून झाकून ठेवा, ते परत वापरता येतं. बोल्ट पुसून पाहा. आट्यांत चंदेरी तारेसारखी भेंडोळी अडकली असतील तर केस गेला. बोल्टचेच आटे झिजले असतील तर नशीब चांगलं: त्याच मापाचा नवा बोल्ट, नवा वायसर, काम संपलं.

केसचे खालचे आटे गेले तरी आतले काही शाबूत असू शकतात. बॅटरीच्या उजेडात दिसले, तर त्याच आट्यांचा, मूळ बोल्टपेक्षा चार-पाच मिलिमीटर जास्त लांब बोल्ट आणून हातानेच फिरवून बघा. पकडला तर तात्पुरत्या उपायांत यासारखा दुसरा नाही. मात्र बोल्टच्या मागे जाळी आणि स्प्रिंग असणाऱ्या गाड्यांत किंवा बोल्ट आत कशाला टेकत असेल तर हा प्रयोग नको.

बोल्ट आवळतो, पण थेंब गळतो. इथे टेफ्लॉन टेप चालते. बोल्टचं टोक आपल्याकडे धरून घड्याळाच्या दिशेने दोन-तीन वेढे द्या, टोकाचे पहिले दोन आटे मोकळे ठेवा. टेपचा तुकडा आत गेला तर ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसेल. टेप गळती कमी करते, बोल्ट धरून ठेवत नाही. बोल्ट गरगर फिरत असेल तर दहा वेढे देऊनही उपयोग नाही.

बोल्ट आवळतच नाही. मग एम-सीलसारखी पुट्टी आणि तार, दोन्ही लागतील. ऑइल पूर्ण निथळू द्या, अगदी रात्रभर. पुट्टी तेलकट धातूला चिकटत नाही, आणि बहुतेकांचा जुगाड इथेच फसतो. इंजिन थंड असतानाच, उघड्यावर, पेट्रोलच्या फडक्याने बोल्टभोवतीची जागा पुसा, कोरडी करा, पॉलिश पेपरने खरखरीत करा. बोल्ट बसवा. पुट्टीचे दोन्ही भाग समान घेऊन एक रंग येईपर्यंत मळा आणि बोल्टच्या डोक्याभोवती बाहेरून थापा, आट्यांत भरू नका. तासा-दोन तासांत ती हाताला कडक लागते, पण पूर्ण एक दिवस द्या. मग बाइंडिंग वायर डोक्यावरून घेऊन इंजिनच्या एखाद्या पक्क्या बोल्टला पिळून बांधा; सायलेन्सर आणि चेन यांपासून लांब. हसण्यासारखं वाटेल, पण रेसच्या बाइकवरही ड्रेन बोल्टला अशी सुरक्षा-तार बांधतात, तिथे अर्थात आटे धड असतात.

आता ऑइल भरा, खाली वर्तमानपत्र पसरा आणि इंजिन पाच मिनिटं चालू ठेवा. कागदावर डाग पडला तर गाडी रस्त्यावर काढू नका. ऑइल मागच्या टायरवर गेलं की पहिल्याच वळणावर गाडी घसरेल. बोल्ट वाटेत निसटला तर ऑइल काही क्षणांत रिकामं होतं, आणि मग खर्च आट्यांचा राहत नाही, पिस्टन-सिलिंडरचा होतो. कागद कोरडा राहिला तरी सावकाश, जवळच्या वर्कशॉपपर्यंतच. मध्ये थांबून एकदा खाली वाकून बघा. वर्कशॉप लांब असेल तर छोटा हत्ती बोलवा. टेम्पोचं भाडं इंजिनपेक्षा स्वस्त पडतं.

पक्कं काम. लेथवाल्याकडे किंवा चांगल्या गॅरेजमध्ये हेलिकॉइल बसवून मागा. भोक थोडं मोठं करून नवे आटे पाडतात आणि त्यात स्टेनलेस स्टीलच्या तारेची गुंडाळी बसवतात. मूळ मापाचाच बोल्ट परत लागतो आणि हे आटे ॲल्युमिनियमपेक्षा टिकाऊ असतात. मोठा बोल्ट तसाच ठोकून घुसवतो म्हणणाऱ्याला नको म्हणा. तो तिरका गेला तर केसला तडा जातो. आटे पाडताना टॅपला (आटे पाडायच्या हत्याराला) भरपूर ग्रीस लावायला सांगा, म्हणजे कीस त्यालाच चिकटतो. ॲल्युमिनियम चुंबकाला लागत नाही, म्हणून आत पडलेला कीस काढायला काम झाल्यावर थोडं स्वस्त ऑइल वरून ओतून खालून वाहू द्या. मग नवा वायसर टाकून बोल्ट गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कनेच (पिळाच्या मापानेच) आवळा. काढलेलं जुनं ऑइल गटारात न ओतता त्याच गॅरेजच्या पिंपात द्या.