सोलापूरहून जर्मनीला: यजमान कुटुंबात राहायला जाताना

एका सेमिस्टरसाठी किंवा भाषेच्या कोर्ससाठी जर्मनीला जाणाऱ्या विद्यार्थ्यापुढे राहण्याच्या तीन वाटा असतात: विद्यार्थी वसतिगृह, चौघापाचजणांनी मिळून घेतलेला फ्लॅट, नाहीतर एखाद्या कुटुंबाच्या घरातली खोली. आईवडिलांना तिसरी वाट सुरक्षित वाटते आणि भाषा सुधारायला तिच्यासारखी दुसरी नाही. पण ती जमणार की फिसकटणार, हे बहुतेक वेळा विमानात बसण्याआधीच ठरलेलं असतं. आपण काय विचारलं आणि काय सांगायचं राहून गेलं, यावर सगळं असतं. आपल्याकडे पाहुणा ‘नको नको’ म्हणतो आणि यजमान तरी वाढतोच. तिथे आग्रह नाही. नको म्हटलं की भांडं पुढे सरकतं आणि परत फिरत नाही. संकोचाने ‘चालेल’ म्हटलेली गोष्ट मग पाच महिने चालवावी लागते.

आधी एक घोळ मिटवून टाका. पैसे देऊन कुटुंबात राहणं वेगळं आणि ‘ओ-पेअर’ वेगळं. ओ-पेअरमध्ये राहणं-जेवण फुकट असतं, महिन्याला 280 युरो हातखर्च मिळतो आणि त्याच्या बदल्यात आठवड्याला 30 तासांपर्यंत मुलं सांभाळायची आणि घरकामात हातभार लावायचा असतो. त्याचा व्हिसाही वेगळा. विद्यार्थी म्हणून जाताय आणि समोरचं कुटुंब ‘खोलीभाडं नको, मुलांकडे बघा’ म्हणत असेल, तर तिथेच थांबा.

पहिलं पत्र

कुटुंब शक्यतो विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयामार्फत किंवा भाषाशाळेमार्फत ठरवा. करार हातात येण्याआधी पैसे पाठवू नका. ‘आम्ही सध्या परदेशात आहोत, अनामत भरा, किल्ली कुरियरने पाठवतो’ असं सांगणारा माणूस हमखास भामटा असतो.

कुटुंबाचं नाव कळलं की दोनच दिवसांत पत्र धाडा. स्वतःबद्दल चार ओळी पुरेत. उरलेलं पत्र प्रश्नांचं असू द्या, कारण तिकडच्या लोकांना थेट विचारलेलं आवडतं, त्यात उद्धटपणा कुणी मानत नाही. भाड्यात नुसता नाश्ता आहे की एक जेवणही? कपडे कोणत्या दिवशी धुवायचे? स्वयंपाकघर कधी वापरता येईल आणि फ्रिजमध्ये कुठला कप्पा माझा? घरात कुत्रा-मांजर आहे का? मैत्रीण राहायला आली तर चालेल का? खोली लवकर सोडायची झाली तर किती आधी सांगायचं?

दोन प्रश्न मात्र कुठल्याही परिस्थितीत सुटता कामा नयेत.

पहिला सहीचा. जर्मनीत नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत स्थानिक कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते. तिला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. त्यासाठी ‘ही व्यक्ती अमुक तारखेपासून आमच्याकडे राहते’ असा घर देणाऱ्याच्या सहीचा फॉर्म लागतो. भाडेकरार दाखवून भागत नाही. ही नोंद नसेल तर बँक खातं आणि पुढचा राहण्याचा परवाना, दोन्ही अडतात. काही कुटुंबं स्वतःच भाड्याच्या घरात असतात आणि मूळ मालकाला विचारायला नको म्हणून सही टाळतात. तेव्हा ‘फॉर्मवर सही कराल ना?’ हे आधीच लेखी विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं घर शोधा.

दुसरा प्रश्न ॲलर्जीचा, आणि सोलापूरकरांसाठी तो जास्तच महत्त्वाचा. आपलं निम्मं स्वयंपाकघर शेंगदाण्यावर उभं आहे. ज्याला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असते, त्याला चटणीचा चमचा दुसऱ्या भांड्यात गेला तरी श्वास घ्यायला त्रास होऊ शकतो. प्रसंगी जिवावर बेततं. युरोपात पाकिटावर ज्या 14 ॲलर्जीकारक पदार्थांचा उल्लेख सक्तीचा आहे, त्यात शेंगदाणे, तीळ आणि मोहरी तिन्ही आहेत. म्हणजे आपली चटणी, कूट आणि फोडणी. घरात कुणाला यातलं काही चालत नसेल तर शेंगाचटणीची पिशवी सोलापुरातच राहू द्या.

खाण्यापिण्याचं सांगताना ‘मी शाकाहारी’ एवढ्यावर थांबू नका. अंडं खाता का, मासे खाता का, मांसाचं पाणी घातलेलं सूप चालतं का, हे एकेक लिहा. तिथलं मसुराचं सूप आपल्या आमटीसारखं दिसतं, पण त्यात बहुतेकदा डुकराच्या मांसाचे तुकडे किंवा सॉसेज असतं. चघळायच्या गोळ्यांमध्ये आणि काही गोड पदार्थांमध्ये जिलेटिन असतं, तेही प्राण्यांपासून बनतं. एकादशी, श्रावणी सोमवार पाळत असाल तर तारखा आणि त्या दिवशी काय खाता तेही कळवा. बटाटा, दही, फळं म्हटलं की त्यांना सोपं जातं.

कागदपत्रं

पासपोर्टसाठी पुण्याला जायची गरज नाही, सोलापुरात सेवा केंद्र आहे. मार्कशीट आणि पासपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते आत्ताच पाहा. वडिलांचं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, हा घोळ आपल्याकडे नेहमीचा. तीन महिन्यांपेक्षा जास्त राहायचं तर राष्ट्रीय व्हिसा लागतो. शिष्यवृत्ती नसेल तर ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये, म्हणजे ज्यातून दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, पैसे ठेवावे लागतात. विद्यार्थ्यांसाठी 2024 च्या सप्टेंबरपासून ही रक्कम महिन्याला 992 युरो, म्हणजे वर्षाला 11,904 युरो आहे. अर्ज करण्याआधी चालू आकडा तपासून घ्या. कुटुंबाचं भाडं यातूनच जाणार, त्यामुळे ते ठरवताना हाच आकडा समोर ठेवा.

बॅगेत काय

दूध आणि मांस यांचे पदार्थ भारतातून युरोपीय संघात नेता येत नाहीत, थोडे असले तरी नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खवा बाद. ताजा कढीपत्ताही नाही. शेंगाचटणी, काळं तिखट, कडक भाकरी न्यायला हरकत नाही. चटणी कुटलेली असल्याने तेल सुटतं आणि प्रवासात ते पिशवीबाहेर झिरपतं. आधी जाड प्लास्टिकमध्ये सील, मग झाकणाचा डबा, मग पुन्हा पिशवी. कडक भाकऱ्या कपड्यांच्या घड्यांमध्ये ठेवल्या तर पोचेपर्यंत चुरा होतो, त्यांना ताठ डबाच हवा.

भेट म्हणून सोलापुरी चादर शोभतेच. सोफ्यावर टाकायला तिथे ती आवडीने वापरतात. फक्त सिंगल घ्या, डबलने वजनाची मर्यादा खाल्ली जाते. देताना एक गोष्ट नीट सांगा: पहिल्या दोन धुलाया वेगळ्या आणि गार पाण्यात. तिकडे मशीन 40 किंवा 60 अंशांवर लावायची पद्धत आहे. गडद लाल चादर पांढऱ्या कपड्यांबरोबर त्यात गेली तर सगळ्या घराचे कपडे गुलाबी. वजन कमीच ठेवायचं असेल तर टेरी टॉवेलचा जोड न्या.

मोबाइलचा दोन पिनांचा चार्जर तिथे चालतो. लॅपटॉपच्या तीन पिनांना मात्र अडॅप्टर लागेल. व्होल्टेज आपल्यासारखंच 230 आहे.

बाथरूम आणि खिडकी

कुरबुरी सगळ्यात जास्त इथेच होतात, आणि कुणी तोंडावर बोलून दाखवण्याआधी आठवडा-दोन आठवडे गेलेले असतात.

बऱ्याच घरांत बाथरूमच्या फरशीला पाणी जायला जाळीच नसते. बादली-तांब्याने बाहेर अंघोळ केली तर पाणी फरशीखाली मुरतं आणि खालच्या मजल्याच्या छतावर डाग उमटतो. अंघोळ शॉवरच्या काचेच्या आत किंवा टबमध्येच करा, पडदा टबच्या आत सोडा. संपली की काचेवरचं पाणी तिथेच टांगलेल्या रबरी वायपरने वरून खाली ओढून घ्या. पाणी जड असेल तर क्षाराचे पांढरे ठिपके बसतात आणि मग ते निघता निघत नाहीत. गरम पाण्याचं बिल मोठं असतं, म्हणून पाच-सात मिनिटांत उरका.

सोलापूरच्या उन्हाळ्यात आपण दुपारी खिडक्या बंद ठेवून घर गार ठेवतो. तिथे हिवाळ्यात उलटं करायचं. थंडी आहे म्हणून खिडकी सतत बंद ठेवली की श्वासाची, अंघोळीची, वाळत घातलेल्या कपड्यांची वाफ गार भिंतीवर बसते आणि कपाटामागे काळी बुरशी धरते. ती काढण्याचा खर्च तुमच्या अनामतीतून जाऊ शकतो. म्हणून दिवसातून दोन-तीनदा हीटरचा नॉब बंद करा, खिडकी सताड उघडा, पाच ते दहा मिनिटांनी लावून घ्या आणि हीटर पुन्हा सुरू करा. खिडकी नुसती वरून थोडी आत झुकवून, म्हणजे तिरकी करून, तासन्‌तास ठेवू नका, त्याने हवा फारशी बदलत नाही, भिंत मात्र गार पडते. नॉबवरचे आकडे वेगाचे नसून तापमानाचे असतात: 3 म्हणजे साधारण 20 अंश. 5 वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही.

स्वयंपाक

रात्रीचं जेवण सहा-सातला, आणि ते बऱ्याचदा थंडच: पाव, चीज, काकडी, लोणी. दुपारी विद्यापीठाच्या कँटीनमध्ये गरम खाऊन घेतलं तर हे जड जात नाही.

तुम्हाला एखाद्या रविवारी सगळ्यांसाठी रांधायचं असेल तर पिठलं-भात सगळ्यात सोपा. चौघांना 100 ग्रॅम बेसन, 600 मिली पाणी, एक मोठा कांदा, लसणाच्या चार पाकळ्या, पाव चमचा हळद. बेसन आधी थोड्या गार पाण्यात कालवून घ्या. मिरच्या चिरू नका, अख्ख्या टाका आणि वाढताना काढून घ्या. झाकण ठेवून मंद आचेवर दहा मिनिटं शिजू द्या, नाहीतर कच्चट लागतं. सामान शनिवारीच आणा, रविवारी दुकानं बंद असतात. भाकरीचा नाद मात्र धरू नका. काचेच्या शेगडीवर ज्योत नसते, खोलगट तवा तिच्यावर नीट टेकत नाही, आणि ओढत हलवला तर काचेवर चरे पडतात.

फोडणी देण्याआधी चिमणी चालू करा, स्वयंपाकघराचं दार लावा, खिडकी उघडा. झोपायच्या खोल्यांत आणि बोळात धुराचे अलार्म असतात आणि मिरचीची खकाणी त्यांना पुरते. हळदीचा हात पांढऱ्या ओट्याला, लाकडी कालथ्याला, यजमानांच्या फडक्याला लागू देऊ नका. स्वतःचं एक फडकं आणि एक कालथा वेगळा ठेवा.

कचऱ्याचे रंग गावागणिक थोडे बदलतात, म्हणून पहिल्याच दिवशी विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी पिवळ्यात पॅकिंग, निळ्यात कागद, तपकिरीत ओला कचरा. एकदाच वापरायच्या पाण्याच्या बाटलीवर 25 सेंट अनामत असते. सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाकली की ती परत मिळते. बाटली चेपू नका, मशीनला खूण वाचता आली नाही तर ती घेत नाही.

आवाज, टपाल, किल्ली

रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. हिवाळ्यात तिथले संध्याकाळचे सहा म्हणजे सोलापुरात रात्रीचे साडेदहा, उन्हाळ्यात साडेनऊ. घरी रोज रात्री स्पीकरवर बोलण्यापेक्षा रविवार दुपार ठरवून टाका. आईबाबाही जागे असतात आणि घरातही कुणाला त्रास होत नाही.

तिथे पत्त्यात फ्लॅट क्रमांक सहसा नसतो, पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघून टपाल टाकतो. तुमचं आडनाव पेटीवर पासपोर्टातल्याच स्पेलिंगने लावून घ्या. नाहीतर बँकेचं कार्ड आणि पिन आल्या पावली परत जातं.

किल्ली हरवणं महागात पडतं. अनेक इमारतींत सगळ्या दारांची कुलुपं एकाच संचातली असतात आणि कधीकधी अख्खा संच बदलावा लागतो. नुकसानभरपाईचा वैयक्तिक विमा, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा, पहिल्याच आठवड्यात काढा आणि त्यात हरवलेल्या किल्ल्या धरल्या आहेत का ते वाचून घ्या.

काही खटकलं तर आठवड्याच्या आत बोला, आणि एका वेळी एकच गोष्ट बोला. ‘मला सकाळी आठला निघावं लागतं, बाथरूम सात ते सव्वासात मला मिळेल का?’ असं सांगितलं की काम होतं. मनात साठवून महिन्याने बोलायला गेलात तर आधी का सांगितलं नाही, यावरच बोलणं अडकतं. तरी सुटलं नाही तर ज्या कार्यालयाने कुटुंब मिळवून दिलं त्यांना लिहा. घर बदलून देणं हे त्यांचं कामच आहे.

परत निघताना खोलीचे फोटो काढा, किल्ली दिल्याची सही घ्या आणि जिथे आनमेल्डुंग केली होती त्या कार्यालयात जर्मनी सोडताय अशी नोंद करा. ती निघण्याच्या सात दिवस आधीपासून करता येते. तिथून मिळणारा दाखला जपून ठेवा, विमा आणि मोबाइलचं कनेक्शन बंद करताना बहुतेक जण तोच मागतात. बँक खातं मात्र अनामत परत आल्यावरच बंद करा.